अमेरिकी कॉलेज फुटबॉलचा हंगाम कोल्हापुरातून कसा पाहावा

आपल्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पेठांचे तालीम संघ आणि पाटाकडील विरुद्ध खंडोबा किंवा शिवाजी विरुद्ध दिलबहार अशा लढतींच्या दिवशी गावाला चढणारा ज्वर. या गावातील अनेक मुले-मुली आता शिक्षणासाठी अमेरिकेत जातात, आणि त्यांच्या विद्यापीठाच्या गावात शनिवारी सगळे लोक दुसऱ्याच एका फुटबॉलसाठी लोटतात, हे घरच्यांना त्यांच्या फोनवरून कळते. माझी पुतणी २०२२ मध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात गेली. तिने पाठवलेल्या पहिल्याच चित्रफितीत १,०७,६०१ आसनांचे मिशिगन स्टेडियम काठोकाठ भरलेले होते. मैदानावर काय चालले आहे ते मला अजिबात उमगले नाही. मात्र कडेला उभे राहून घसा फोडणारी माणसे चांगलीच ओळखीची वाटली, कारण आपल्या पेठेसाठी माणूस असाच ओरडतो. तेव्हापासून मी हा हंगाम नेमाने पाहत आलो आहे. ज्यांची मुले तिकडे आहेत आणि ज्यांना फुटबॉल या शब्दाचेच वेड आहे, अशा दोघांसाठी हे टिपण लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो. हा खेळ एकेका सामन्यापुरता पाहिला तर तुटक आणि संथ वाटतो, आणि बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात तो सोडून देतात. त्याची गोडी हंगामात आहे. नियमित हंगामात संघाला जेमतेम १२ सामने मिळतात. त्यामुळे प्रत्येक सामन्याला वजन येते, आणि ते वजन सामना संपल्यावरही पुढचे आठवडे बदलत राहते. सप्टेंबरमधल्या विजयाची खरी किंमत अनेकदा डिसेंबरमध्ये कळते. म्हणून टीव्ही किंवा फोन यांच्या आधी एक वही घ्या. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

संघ कोणता धरावा

ज्यांचे मूल एखाद्या विद्यापीठात शिकते त्यांच्यापुढे हा प्रश्नच नाही. इतरांनी मात्र जो जिंकतो तो आपला, असे करू नये. अमेरिकेतील सर्वोच्च श्रेणीत १३० हून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत आणि ते कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेले आहेत. बिग टेन या गटात, नाव 'टेन' असूनही, २०२४ पासून १८ विद्यापीठे आहेत. दक्षिणेकडील एसईसी या गटात १६ आहेत. हे गट एकाच देशातल्या वेगवेगळ्या लीगसारखे चालतात. प्रत्येक संघ आठ किंवा नऊ सामने आपल्या गटातील संघांशी खेळतो आणि उरलेले सामने बाहेरच्यांशी, बहुधा हंगामाच्या सुरुवातीला. आधी एक गट निवडावा, मग त्यातला एक संघ आणि त्या संघाचा एक हाडवैरी. वैऱ्याचे सामनेही आपल्याच संघाचे समजून पाहावेत, कारण शाहू स्टेडियमवर आपण तेच करतो. स्वतःच्या तालमीचा सामना नसला तरी समोरच्या पेठेचा संघ कसा खेळतो ते पाहायला आपण जातोच.

घड्याळ

या भागात चूक झाली तर बाकी सगळी तयारी वाया जाते. सामने बहुतेक शनिवारी असतात आणि त्यांच्या वेळा सहसा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे जाहीर होतात. ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत आपले घड्याळ त्या घड्याळाच्या साडेनऊ तास पुढे असते. म्हणजे तिकडचा दुपारी १२ चा सामना आपल्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला सुरू होतो, साडेतीनचा रात्री एक वाजता, आणि संध्याकाळी साडेसातचा रविवारी पहाटे पाच वाजता. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळे एक तास मागे घेतात आणि फरक साडेदहा तासांचा होतो, त्यामुळे याच वेळा साडेदहा, दोन आणि सहा अशा होतात. पहिल्या वर्षी मला याची कल्पना नव्हती. नोव्हेंबरच्या एका रात्री एकचा गजर लावून उठलो आणि सामना का लागत नाही म्हणून तासभर ताटकळलो. वहीच्या पहिल्याच पानावर हा बदल ठळक लिहून ठेवावा.

साडेनऊचा सामना कुटुंबासह पाहता येतो. पहाटे पाचचाही सोयीचा आहे: आदल्या रात्री लवकर झोपावे, दूधवाला येईपर्यंत पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पहिला पाव भाग, होतो आणि संपेपर्यंत रविवारच्या मिसळीची वेळ होते. रात्री एकचा सामना मात्र नोकरदाराने दर आठवड्याला जागून पाहू नये. तो निकाल न कळू देता सकाळी पाहावा, आणि सकाळपर्यंत फोनला हात लावू नये, एवढे पथ्य पाळावे. सामना साधारण साडेतीन तास चालतो, हेही आधीच घरच्यांना सांगून ठेवलेले बरे.

भारतात कोणत्या हंगामात कोणते सामने कोणत्या ॲपवर दिसतील हे बदलत असते, म्हणून ऑगस्टमध्येच चौकशी करावी. चित्र मिळाले नाही तरी विद्यापीठांच्या क्रीडा विभागांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक चालीची लेखी नोंद येत राहते, आणि अनेक विद्यापीठांचे रेडिओ समालोचनही तिथेच ऐकता येते. नियम एकदा अंगवळणी पडले की समालोचनावर सामना छान उभा राहतो.

चार प्रयत्न, दहा यार्ड

मैदान १०० यार्ड लांब असते, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि दोन्ही टोकांना १० यार्डांचा एंड झोन असतो. प्रत्येक बाजूचे ११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात आणि प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. दहा यार्ड पार झाले की पुन्हा नवे चार. पडद्यावर 'थर्ड अँड सेव्हन' असे आले तर तिसरा प्रयत्न आहे आणि सात यार्ड उरले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. चौथ्या प्रयत्नाला बहुतेक संघ धोका पत्करत नाहीत. ते चेंडू पायाने दूर मारून समोरच्यांना मागे ढकलतात, याला पंट म्हणतात, किंवा जवळ असतील तर खांबांमधून मारून फील्ड गोलचे ३ गुण घेतात. चेंडू घेऊन एंड झोनमध्ये पोहोचले की टचडाउनचे ६ गुण, आणि त्यानंतर एक जादा संधी: पायाने मारला तर १, पुन्हा धावून किंवा पास देऊन, म्हणजे हाताने पुढे फेकून, आत नेला तर २. बचाव करणाऱ्यांनी चेंडूधारकाला त्याच्याच एंड झोनमध्ये पाडले तर त्यांना २ गुण मिळतात. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर असतात.

एनएफएल ही अमेरिकेतली व्यावसायिक लीग पाहिलेल्यांनी कॉलेजच्या खेळातले दोन फरक ध्यानात ठेवावेत. कडेच्या रेषेजवळ पास झेलताना इथे एक पाय मैदानात टेकला तरी चालतो. एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. बरोबरी झाली तर जादा वेळ वेगळ्याच पद्धतीने चालतो. दोन्ही संघांना पाळीपाळीने समोरच्यांच्या २५ यार्ड रेषेवरून एकेक संधी दिली जाते. दुसऱ्या जादा डावापासून टचडाउननंतर दोन गुणांचाच प्रयत्न करावा लागतो, आणि तिसऱ्यापासून तर फक्त दोन गुणांचे प्रयत्न आळीपाळीने होतात.

डोळे कुठे ठेवावेत

नवा प्रेक्षक चेंडूच्या मागे डोळे फिरवतो आणि त्याला काही दिसत नाही, कारण चेंडू बराच वेळ लपवलेलाच असतो. कोल्हापूरकराकडे इथे एक मोठी शिदोरी आहे, ती म्हणजे कुस्तीची नजर. चेंडूच्या समोर दोन्ही बाजूंना जे भक्कम गडी वाकून बसलेले असतात, त्यांच्याकडे पाहावे. आक्रमणाच्या बाजूचे ते पाच जण म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, आक्रमणाची फळी. चेंडू हलताच ते समोरच्याला भिडतात, आणि पहिल्या अर्ध्या सेकंदात कोण कोणाच्या छातीखाली शिरला यावर ती चाल बहुतेक ठरून जाते. ज्याची कंबर खाली आणि पाठ सरळ, तो समोरच्याला रेटतो. जो उभा राहिला तो मागे सरकतो. खासबागेच्या मैदानात मातीतली खडाखडी पाहिलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. फरक एकच, आणि तो मोठा आहे. कुस्तीत पकड ही कला आहे. इथे आक्रमणाच्या गड्याने प्रतिस्पर्ध्याच्या अंगाबाहेरून कवळ घातली किंवा जर्सी धरून ओढली तर तो होल्डिंगचा गुन्हा ठरतो आणि संघाला १० यार्डांचा दंड बसतो. तळहात छातीवर ठेवून रेटायचे, पण धरायचे नाही. मी पहिल्या वर्षी बरेच सामने केवळ या पाच जणांकडे पाहून काढले आणि त्याच वर्षी खेळ कळू लागला.

त्या पाच जणांच्या मागे क्वार्टरबॅक उभा असतो. तो चेंडू घेतो आणि पास देतो किंवा चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅककडे सोपवतो. प्रत्येक चालीआधी तो समोरची मांडणी पाहून काही ओरडतो, हात हलवतो. बाहेरच्या रेषेवरूनही फलक आणि हातवारे यांनी खुणा येत असतात. सर्वांत महत्त्वाचा क्षण तिसरा डाउन. पहिल्या दोन प्रयत्नांत सहा-सात यार्ड निघाले असतील तर तिसऱ्याला धावणे आणि पास हे दोन्ही मार्ग खुले राहतात आणि बचावाला नेमका अंदाज बांधता येत नाही. दोनच निघाले असतील तर पास येणार हे सगळ्या स्टेडियमला ठाऊक असते. म्हणून पहिल्या डाउनला चार-पाच यार्डांची जी साधी, कंटाळवाणी धाव दिसते, तिला दाद द्यायला शिकावे.

याचा सर्वांत ठसठशीत दाखला मी ११ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री पाहिला. मिशिगनचा सामना पेन स्टेटच्या मैदानावर होता आणि आपल्याकडे नरक चतुर्दशीची आदली रात्र होती. प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा टिपण्याच्या प्रकरणात बिग टेन गटाने मिशिगनचे मुख्य प्रशिक्षक जिम हार्बो यांना नियमित हंगामातील शेवटच्या तीन सामन्यांसाठी मैदानाबाहेर ठेवले होते आणि सूत्रे शेरोन मूर या सहायकाकडे होती. उत्तरार्धात मिशिगनने अधिकृत नोंदीत एकही पास टाकला नाही. सगळ्यांना ठाऊक होते की ते धावणार, पेन स्टेटलाही ठाऊक होते, आणि तरीही ते त्या पाच जणांच्या मागून धावत राहिले आणि २४–१५ ने जिंकले. सामना मध्यरात्र उलटून बऱ्याच वेळाने संपला. घरात उटणे काढून ठेवलेले होते, आणि थोड्याच वेळात अभ्यंगस्नानाला उठायचे होते. त्या पहाटे पुतणीने फोनवर सांगितले, "काका, हा सामना इथल्या लोकांना आवडला नसेल असं वाटतं, पण सगळे नुसते नाचतायत." मला त्याचे नवल वाटले नाही. समोरच्याला डाव आधी सांगून तोच डाव मारणाऱ्या पैलवानाला आपल्याकडेही फेटे उडवून दाद मिळते.

वही

वहीत प्रत्येक सामन्याला एक पान द्यावे. डाव्या बाजूला आपल्या वेळेनुसार तारीख, प्रतिस्पर्धी, घरचे मैदान की परके, आणि निकाल. त्याखाली चार आकडे पुरतात: धावून काढलेले यार्ड, पासने काढलेले यार्ड, तिसऱ्या डाउनला किती वेळा यश आले, आणि चेंडू किती वेळा गमावला. शेवटचा आकडा बारकाईने लिहावा, कारण चेंडू गमावणारा संघ कितीही यार्ड काढून हरू शकतो. दुखापतीची नोंदही इथेच करावी. आणि पानाचा उजवीकडचा एकतृतीयांश भाग समास म्हणून कोरा सोडावा. वहीचा सगळा उपयोग त्या कोऱ्या भागात आहे.

तिथे प्रत्येक आठवड्याला जुन्या प्रतिस्पर्ध्यांचे पुढचे निकाल लिहायचे. मिशिगनचा २०२३ चा हंगाम उदाहरणादाखल घेऊ. पहिले तीन सामने घरच्या मैदानावर, गटाबाहेरच्या संघांशी: ईस्ट कॅरोलिना ३०–३, यूएनएलव्ही ३५–७, बोलिंग ग्रीन ३१–६. त्या वेळी हे तिन्ही विजय सारखेच दिसत होते, आणि 'सोप्या संघांना झोडपले' अशी टीकाही होत होती. डिसेंबरपर्यंत समास भरला तेव्हा चित्र वेगळे निघाले. ईस्ट कॅरोलिनाने अख्ख्या हंगामात दोनच सामने जिंकले. यूएनएलव्हीने मात्र नऊ जिंकले. म्हणजे एकाच महिन्यात, जवळपास सारख्याच फरकाने मिळालेल्या दोन विजयांची किंमत एकसारखी नव्हती. पुढे गटातील संघांना मिशिगनने ३१–७, ४५–७, ५२–१०, ५२–७ आणि ४९–० असे हरवले, आणि तरी नोव्हेंबरपर्यंत संघ किती चांगला आहे हे छातीठोकपणे सांगता येत नव्हते, कारण समासातले बहुतेक प्रतिस्पर्धी स्वतःच चाचपडत होते.

सोप्या सामन्यांविषयी एक सावधगिरी. १ सप्टेंबर २००७ रोजी देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या याच मिशिगनला, याच स्टेडियममध्ये, खालच्या श्रेणीतील अपालेशियन स्टेट या संघाने ३४–३२ असे हरवले होते. त्यामुळे पहिल्या आठवड्याचे पान मोकळे सोडून पुढे जाऊ नये.

नोव्हेंबर

हंगामाच्या मध्ये एखादा आठवडा विश्रांतीचा असतो. तो वही नीट करण्यात घालवावा, कारण पुढे उसंत मिळत नाही. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंगचा सण, आणि त्याला लागून येणाऱ्या शनिवारी जुन्या वैऱ्यांचे सामने होतात. मिशिगन आणि ओहायो स्टेट १८९७ पासून एकमेकांशी खेळत आले आहेत आणि त्यांच्या लढतीला लोक नुसते 'द गेम' म्हणतात. अलाबामा आणि ऑबर्न यांचे वैर एकाच राज्यातले, म्हणजे एकाच गावातल्या दोन पेठांसारखे. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी २८–२८ अशी बरोबरी असताना अलाबामाने शेवटच्या सेकंदाला लांबून फील्ड गोल मारला, तो कमी पडला, आणि ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने स्वतःच्या एंड झोनच्या मागच्या बाजूला तो झेलून समोरच्या टोकापर्यंत धावत नेला. १०९ यार्डांची ती धाव होती.

या लढतींना चषकही गमतीदार असतात. मिशिगन आणि मिनेसोटा एका पाण्याच्या जगसाठी झुंजतात. १९०३ मध्ये मिशिगनचा संघ तो ३० सेंटचा जग मिनेसोटात विसरला आणि तिथल्यांनी सांगितले की हवा असेल तर जिंकून न्या. चांदीच्या गदेचे मोल जाणणाऱ्या गावाला त्या मातकट जगाचे मोलही कळेल, असे मला वाटते.

२५ नोव्हेंबर २०२३ चा 'द गेम' दोन अपराजित संघांत झाला. दोघेही ११–० होते, म्हणजे अकरा विजय आणि एकही पराभव नाही. मिशिगन ३०–२४ ने जिंकला, आणि तेव्हा कुठे वहीतल्या आधीच्या अकरा पानांना आधार मिळाला.

क्रमवारी, समिती आणि बाद फेरी

वृत्तपत्रांचे पत्रकार दर आठवड्याला २५ संघांची क्रमवारी लावतात. एपी पोल नावाने ती १९३६ पासून चालू आहे. तिच्यावर वाद घालायला मजा येते, पण बाद फेरीत कोण जाणार हे ती ठरवत नाही. ते काम १३ सदस्यांची निवड समिती करते, आणि तिची क्रमवारी नोव्हेंबरपासून दर मंगळवारी जाहीर होते, म्हणजे आपल्याकडे बुधवारी सकाळी. डिसेंबरच्या सुरुवातीला गटांचे अंतिम सामने झाले की समिती संघ निवडते.

२०१४ ते २०२३ या हंगामांत फक्त चार संघ घेतले जात. त्यातून झालेला सर्वांत कडवट निर्णय २०२३ चा. फ्लोरिडा स्टेट १३–० होता, आपल्या गटाचा विजेता होता, पण त्याचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी झाला होता, आणि समितीने त्या संघाला वगळले. मला तो निर्णय तेव्हाही अन्यायाचा वाटला आणि आजही वाटतो. जो संघ सगळे सामने जिंकला त्याला 'तुम्ही आता पूर्वीसारखे राहिला नाहीत' असे सांगणे म्हणजे हंगामच रद्द करणे आहे.

२०२४ पासून १२ संघ घेतले जातात. २०२४ आणि २०२५ च्या हंगामांत सर्वांत वर असलेल्या पाच गट-विजेत्यांना जागा निश्चित होती आणि उरलेल्या सात जागा क्रमवारीने भरल्या. पहिली फेरी वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठाच्या मैदानावर होते. २०२५ पासून क्रमवारीतील पहिल्या चार संघांना ती खेळावी लागत नाही. उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामने रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, फिएस्टा आणि पीच या सहा बाउलमध्ये होतात. बाउल म्हणजे हंगामानंतरचा निमंत्रितांचा सामना. पहिला रोझ बाउल १९०२ मध्ये झाला होता आणि त्यात मिशिगनने स्टॅनफर्डला ४९–० ने हरवले होते. बाद फेरीत न बसलेल्या, पण किमान सहा सामने जिंकलेल्या संघांसाठी इतर अनेक बाउल असतात. तुमचा संघ मधल्या फळीतला असेल तर सहावा विजय हेच त्याचे शिखर असू शकते, आणि ते तितक्याच आनंदाने साजरे करावे.

१ जानेवारी २०२४ चा रोझ बाउल आपल्याकडे मंगळवारी पहाटे साडेतीनच्या सुमारास सुरू झाला. मिशिगन अलाबामाविरुद्ध २०–१३ ने मागे होता. शेवटच्या मिनिटांत चौथ्या डाउनला दोन यार्ड हवे होते, म्हणजे तिथे चुकले असते तर हंगाम संपला असता. क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थीने रनिंग बॅक ब्लेक कोरमला पास दिला आणि चाल जिवंत राहिली. नंतर रोमन विल्सनने टचडाउन केला. जादा डावात कोरम पहिल्यांदा आठ यार्ड धावला, आणि पुढच्याच चालीत, दोघांच्या हातांतून निसटत, सतरा यार्ड. २७–२०. नंतर अलाबामाचा शेवटचा प्रयत्न गोलरेषेजवळ अडवला तो पुन्हा फळीतल्या गड्यांनीच. आठवड्याने, ९ जानेवारीला सकाळी सहा वाजता अंतिम सामना सुरू झाला आणि मिशिगनने वॉशिंग्टनला ३४–१३ ने हरवून १५–० असा हंगाम पूर्ण केला.

खेळाडू कुठून येतात, कुठे जातात

पुढच्या वर्षीचा संघ ओळखू येत नाही, अशी तक्रार नवे प्रेक्षक करतात. आपल्याकडे गुणी मुलगा लहानपणीच गाव सोडून अकादमीत जातो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला तो अशाच वाटेने. अमेरिकेत ही वाट कॉलेजमधून जाते, कारण शाळा संपल्यावर तीन वर्षे उलटल्याखेरीज एनएफएलमध्ये प्रवेश नाही. खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात, आणि एखाद्या वर्षी चारपेक्षा जास्त सामने खेळला नाही तर तो हंगाम मोजला जात नाही, याला रेडशर्ट म्हणतात. शिवाय ट्रान्सफर पोर्टलमधून खेळाडू विद्यापीठ बदलतात, जसे आपल्याकडे हंगामापूर्वी एका तालमीतून दुसरीकडे जातात. जुलै २०२१ पासून त्यांना आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात आणि २०२५ पासून विद्यापीठेही थेट मोबदला देऊ शकतात. म्हणून ऑगस्टमध्ये वहीच्या पहिल्या पानावर नव्या संघाची यादी लिहावी: फळीतले पाच जण आधी, क्वार्टरबॅक नंतर.

२०२४ मध्ये हार्बो, मॅकार्थी, कोरम सगळेच एनएफएलमध्ये गेले आणि मिशिगनचा हंगाम जेमतेम राहिला. तरीही ३० नोव्हेंबरला त्यांनी ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर १३–१० ने हरवले, आणि रात्री दीडच्या पुढे आमच्या घरात फोन वाजत राहिले. ओहायो स्टेटचा तो दुसरा पराभव होता. चार संघांच्या काळात दोन पराभव असलेला एकही संघ कधी निवडला गेला नव्हता. नव्या पद्धतीत त्यांना जागा मिळाली, त्यांनी टेनेसी, ओरेगॉन आणि टेक्सास यांना ओळीने हरवले आणि अंतिम सामन्यात नोटर डेमला ३४–२३ ने. २१ जानेवारी २०२५ च्या सकाळी मी वही काढली, ३० नोव्हेंबरचे पान उघडले, आणि १३–१० च्या उजवीकडे सोडलेल्या कोऱ्या जागेत लिहिले: 'हाच संघ पुढे राष्ट्रीय विजेता झाला.'